धापा दर पावसाळ्यात मधूनच कुजतो आणि फुलतही नाही: नेमकं कुठे चुकतं

धापा या खाडीकाठच्या, सरपटणाऱ्या रसाळ झाडाबद्दलची ही तक्रार दरवर्षी एकाच सुमाराला सुरू होते. मे महिन्यात कुंडीच्या कडेवरून लालसर देठ लोंबत असतात, पानं टपोरी असतात. जुलैत आठ-दहा दिवसांची झड लागते आणि हिरव्या गादीच्या मधोमध तपकिरी खड्डा पडतो. तिथला देठ ओढला की मऊ होऊन हातात येतो, वासही येतो. कडेचे शेंडे मात्र हिरवेगार असतात. ऑगस्टपर्यंत निम्मं झाड जातं. उरलेलं लांबलचक, फिकट वाढतं आणि वर्षभर गुलाबी फूल दिसत नाही. मग नवीन रोप आणलं जातं आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच होतं.

यावर ठरलेला सल्ला मिळतो: पाणी कमी करा. धाप्याच्या बाबतीत हा सल्ला दिशाभूल करतो. हे माळरानावरचं निवडुंग नाही. खाडीच्या चिखलात, भरतीचं पाणी अंगावर घेत हे झाड जगतं. खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीत ते तरंगत्या जाळीवर लावून मुळं थेट पाण्यात सोडतात, म्हणजे पाण्यातलं जादा नायट्रोजन आणि फॉस्फरस ते शोषून घेतं. मुळं ओली राहिली म्हणून धापा मरत नाही. गोडं पाणी, खतावलेली माती, जुनी दाट गादी आणि उन्हाचा अभाव या चार गोष्टी एकत्र आल्या की तो कुजतो. त्यांतल्या दोन जरी मोडल्या तरी बहुतेक झाडं पावसाळा काढतात.

आधी झाड धापाच आहे ना?

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. धापा म्हणजे सेसुवियम पोर्टुलाकास्ट्रम, आयझोएसी कुळातली बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. लिनियसने १७५३ मध्ये तिला घोळीच्या पोर्टुलाका वंशात टाकलं होतं आणि १७५९ मध्ये सेसुवियममध्ये हलवलं. घोळीशी होणारी गल्लत अशी जुनी आहे. त्यात भर म्हणून ट्रायान्थेमा या भावंड वंशातल्या एका तणाचं जातिनावही पोर्टुलाकास्ट्रमच आहे. आयुर्वेदात पांढरी पुनर्नवा म्हणून वापरतात ती हीच. रोपवाटिकांत या तिन्ही वनस्पती एकमेकींच्या नावाने मिळतात.

ओळख पानापासून सुरू करा. धाप्याची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात. ती जाड, गुळगुळीत, लांबट असतात, साधारण २ ते ६ सेंटिमीटर, आणि टोकाकडे थोडी रुंद. पानाचा तळ देठाला पातळ पडद्यासारखा कवेत घेतो. जोडीतली दोन्ही पानं जवळपास सारखी असतात. ट्रायान्थेमात जोडीतलं एक पान मोठं आणि गोलसर, दुसरं स्पष्ट लहान असतं. घोळीची पानं पळीच्या आकाराची असतात, देठावर एकाआड एक येतात आणि शेंड्याशी दाटीने जमतात. भाजीला येणारी मोरस म्हणजे सुएडा. तिची पानं बारीक, गोलसर काडीसारखी असतात आणि फुलं हिरवट, डोळ्यांत न भरणारी.

फूल मिळालं तर शंका उरत नाही. धाप्याचं फूल पानाच्या बेचक्यातून छोट्या देठावर एकेकटं येतं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नाहीतच, ती पाच परिदलं आहेत. आतून गुलाबी-जांभळी, बाहेरून हिरवी, आणि प्रत्येकाच्या पाठीवर टोकाशी एक बारीक शिंग. नखाने चाचपलं तरी ते शिंग कळतं. मध्ये पुष्कळ गुलाबी पुंकेसर आणि बहुधा तीन कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराच्या बारीक काड्या असतात. ट्रायान्थेमाचं फूल बिनदेठाचं, पानाच्या तळाशी अर्धं दडलेलं असतं आणि त्यात कुक्षिवृंत एकच. घोळीचं फूल पिवळं. बोंडावर मात्र ओळख ठरवू नका, कारण तिन्हींची बोंडं डबीचं झाकण निघावं तशी आडवी उघडतात.

हे तपासणं का महत्त्वाचं? घोळ आणि ट्रायान्थेमा या वर्षायू आहेत. पावसाळ्यात फुलून, बी टाकून त्या सरतात. त्या ऑक्टोबरात वाळल्या तर तो रोग नव्हे, त्यांचं आयुष्य संपलं. त्यांना वाचवायला खत-औषध घालण्यात अर्थ नाही.

मधोमधच का कुजतं

धाप्याचा देठ जमिनीवर सरपटतो आणि पेराला, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीला, माती लागली की तिथे मुळं फुटतात. खाडीकाठी एकच रोप असं पुढे पुढे सरकतं. जिथून सुरुवात झाली तो बुंधा दोन-तीन वर्षांत लाकडी होतो, पानं झडतात, कधी मरतोही. झाडाला त्याचं काही वाटत नाही, कारण पुढच्या प्रत्येक पेराला स्वतःची मुळं आहेत.

कुंडीत पुढे सरकायला जागाच नसते. देठ कडेवरून बाहेर लोंबतात, त्यांच्या पेरांना माती मिळत नाही आणि सगळा भार मधल्या जुन्या बुंध्यावर राहतो. वरून नवे देठ त्याच बुंध्यावर थर चढवतात. या गादीखाली ऊन पोचत नाही, वारा शिरत नाही, वाळलेली पानं साचून ओली राहतात. मुंबईत एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर जाते आणि रत्नागिरीकडे पाऊस त्याहूनही जास्त असतो. अशा हवेत बुंधा कुजवणाऱ्या बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही. म्हणूनच मध्यभाग आधी जातो आणि कडेचे शेंडे शेवटपर्यंत तग धरतात.

टांगत्या कुंडीत हा दोष सर्वांत तीव्र होतो. तिथे लोंबणारा प्रत्येक देठ एका बुंध्यावर जगतो. दिसायला धापा टांगता छान दिसतो हे खरं, पण तो दरवर्षी नव्याने लावण्याची तयारी असेल तरच टांगावा. नाहीतर उथळ आणि रुंद भांडं घ्या: १५ सेंटिमीटर खोल, ४५ ते ६० सेंटिमीटर रुंद, तळाला बोटाएवढी किमान सहा भोकं.

दुसरं कारण मातीत आहे. शेणखत किंवा गांडूळखत भरपूर घातलेल्या मातीत धापा झपाट्याने वाढतो, पण कांडी लांब, पेशी मऊ आणि पानं पातळ राहतात. असा देठ पहिल्याच झडीत पिचतो.

मिठाचा भाग

धापा मीठ नुसतं सहन करत नाही, थोडं मीठ मिळालं तर तो जास्त चांगला वाढतो. मुळांवाटे आलेलं सोडियम तो पानांच्या पेशींतल्या पाण्याच्या पिशव्यांमध्ये साठवतो, त्यामुळे पानं टपोरी होतात. पेशीचा बाकीचा भाग समतोल ठेवण्यासाठी तो प्रोलीनसारखे पदार्थ तयार करतो. नुसत्या गोड्या पाण्यावरचा धापा मरत नाही, पण तो पातळ पानांचा आणि ढिला राहतो. शिवाय खाऱ्या मातीत जे बुरशी-तण टिकत नाहीत ते गोड्या मातीत सहज वाढतात, आणि हा फरक पावसाळ्यात जास्त जाणवतो.

प्रमाण असं ठेवा. लिटरभर पाण्यात ६ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे बारीक केलेल्या मिठाचा एक सपाट चहाचा चमचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामानाने हे फार सौम्य आहे. १२ इंची कुंडीला असं एक ते दीड लिटर पाणी, कोरड्या ऋतूत दर तिसऱ्या पाण्याला. मधली दोन पाणी साधी. महिन्यातून एकदा गोडं पाणी इतकं द्या की कुंडीखालून भरपूर वाहून जाईल. हे धुणं चुकवलं तर एप्रिल-मेमध्ये पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि कुंडीतलं पाणी नकळत समुद्राहून खारं होतं.

घरात पाणी तपासायचं पेनासारखं टीडीएस मीटर असेल तर खालून आलेलं पाणी मोजा. ३,००० ते ८,००० च्या दरम्यान आकडा चालतो, १५,००० च्या वर गेला तर लगेच धुवा. स्वस्त मीटर ९,९९० वर थांबतो. तेव्हा नमुन्यात तेवढंच आरओचं पाणी मिसळून मोजा आणि आकडा दुप्पट करा.

पावसाळ्यात उलटं होतं, सगळं मीठ धुऊन जातं. तीन-चार दिवसांची झड थांबली की एकदा १० ग्रॅम प्रतिलिटरचं एक लिटर द्या.

इथे दोन इशारे, दोन्ही गंभीर. पहिला मातीबद्दल. चिकणमातीत सोडियम गेलं की मातीचे कण सुटे होऊन एकमेकांना लिंपून बसतात. वर पापुद्रा धरतो आणि पाणी खाली उतरतच नाही. कोकणातली लाल माती नुसती भरून त्यावर मिठाचं पाणी घालणाऱ्यांची कुंडी दोन महिन्यांत डबकं होते, आणि दोष मिठावर येतो. म्हणून मिश्रण असं करा: तीन भाग जाड रेती, एक भाग माती, अर्धा भाग पूर्ण कुजलेलं खत, आणि १२ इंची कुंडीमागे २० ग्रॅम जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं आणि माती मोकळी ठेवतं. नदीची रेती मिळत नसेल तर क्रश सँड चालते, मात्र मैद्यासारखी भुकटी चाळून आणि धुऊन काढून टाका, नाहीतर तीच भोकं बुजवते.

दुसरा इशारा इमारतीबद्दल. मिठाचं पाणी गच्चीच्या स्लॅबवर वाहू देऊ नका. क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरून आतल्या सळ्या गंजवतं, आणि गंजलेली सळी फुगून काँक्रीट फोडते. कुंडीखाली प्लास्टिकचा खोल ट्रे ठेवा आणि त्यातलं पाणी बादलीत ओता. ते जास्वंद, मोगरा किंवा आंब्याच्या आळ्यात टाकायचं नाही. लोखंडी स्टँड टाळा. मातीच्या कुंडीवर पांढरा क्षार फुटून तिचे पापुद्रे सुटतात, तेव्हा प्लास्टिक किंवा फायबर बरं.

कुज सुरू झाली असेल तर

सगळं पाणी थांबवा आणि कुंडी पावसाच्या आड घ्या, पण उजेडात. खोलीच्या कोपऱ्यात नेऊ नका. मग:

१. गादी हाताने उचलून मधला तपकिरी भाग पूर्ण कापा. स्पिरिटने पुसलेलं ब्लेड वापरा. देठाचा छेद पहा: पांढरट-हिरवा आणि कडक असेल तर जिवंत, मध्ये तपकिरी ठिपका असेल तर अजून शेंड्याकडे सरकून कापा. छेद स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.

२. उरलेल्या शेंड्यांचे ८ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करा, प्रत्येकात तीन-चार पेरं. खालच्या दोन पेरांची पानं काढा. तुकडे दोन-तीन तास सावलीत ठेवा, म्हणजे चीक सुकतो.

३. जुनी माती पुन्हा वापरू नका. नव्या मिश्रणात तुकडे उभे खोचण्याऐवजी आडवे ठेवा, दोन पेरं दोन सेंटिमीटर मातीखाली आणि शेंडा वर. एकमेकांत २० सेंटिमीटर अंतर. देठ उचलत असेल तर तारेचा हेअरपिनसारखा वाकवलेला तुकडा लावून दाबा.

४. साधं पाणी द्या. पहिले १५ दिवस मीठ अजिबात नाही. मोठ्या झाडाला आवडणारं मीठ मुळं फुटताना अडथळा करतं. आठ-दहा दिवसांत पेरांना पांढरी मुळं दिसतात.

बुरशीनाशक हवंच का? कापणी नीट झाली तर नको. कुजका भाग ठेवून वरून औषध ओतण्याने काहीच साधत नाही, आणि लोकांचा पैसा तिथेच जातो.

बियांपासून रोप करण्याच्या फंदात पडू नका. बी काळं, चकचकीत, दीड मिलिमीटरच्या आसपास असतं आणि खाऱ्या मातीत उगवत नाही. फाट्यांनी, म्हणजे देठाच्या अशा तुकड्यांनी, जे पंधरवड्यात होतं त्याला बियांनी महिने लागतात.

हे सगळं टाळायचं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात एकच काम करा: गादी विरळ करा. एक तृतीयांश देठ, तेही मधले आणि जुने, तळापासून काढा. माती दिसली पाहिजे. वाळकी पानं वेचून टाका. बाहेर लोंबणारे दोन-चार देठ आत वळवून मोकळ्या मातीवर तारेने दाबा. जुलै येईपर्यंत त्यांना स्वतःची मुळं आलेली असतात, आणि मग जुना बुंधा गेला तरी झाड जात नाही. खत जून ते सप्टेंबर बंद.

फुलं का येत नाहीत

कधी कधी ती येतात, पण पाहिली जात नाहीत. धाप्याचं फूल दिवसातून काही तासच, तेही उन्हात उघडतं. सकाळी सातला किंवा संध्याकाळी कामावरून आल्यावर पाहिलं तर मिटलेलं, हिरवं टोक दिसतं, आणि बाहेरून हिरवं असल्यामुळे ती कळीसुद्धा वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी, स्वच्छ उन्हात, दहा ते बाराच्या दरम्यान पहा.

खरोखरच नसतील तर ऊन मोजा. थेट ऊन सहा तास हवं. बाल्कनीतलं परावर्तित ऊन यात धरू नये. उत्तरेकडच्या बाल्कनीत धापा हिरवा राहील, फुलणार नाही, आणि कोणतंही खत हे बदलू शकत नाही.

ऊन पुरेसं असूनही फुलं नसतील तर बहुधा नायट्रोजन जास्त आहे. युरिया आणि डीएपी पूर्ण बंद करा. फुलं कोवळ्या फांद्यांच्या पानांच्या बेचक्यात येतात, त्यामुळे जितके शेंडे तितकी जागा. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की सगळे शेंडे दोन-तीन पेरं ठेवून छाटा, मिठाचं पाणी पुन्हा सुरू करा आणि एकदाच मूठभर राखमिश्रित खत द्या.

पानांवरून काय कळतं

देठ आणि पानं लाल होणं हा रोग नाही. हा लाल रंग बीटमधल्या रंगाच्या जातकुळीतला आहे, म्हणजे बीटालेन. कडक ऊन आणि मीठ मिळालं की तो वाढतो. लाल झालेली पानं टणक असतील तर काही करू नका.

पानं सुरकुतली तर दोन उलट कारणं असू शकतात, तहान किंवा जादा मीठ. कुंडी उचलून पहा. हलकी असेल तर पाणी द्या, एका दिवसात पानं भरतात. जड असेल आणि मातीवर पांढरी साय असेल तर मीठ साचलं आहे, तेव्हा गोड्या पाण्याने दोनदा धुवा. जड आहे, साय नाही, तरी पान मऊ असेल तर बुंधा तपासा, कुज आत सुरू झाली आहे.

पानं जाळीत गुंडाळलेली, आत हिरवी अळी आणि काळी विष्ठा दिसली तर ते शेंडे कापून नष्ट करा. पावसाळ्यात पानं एका रात्रीत कुरतडली गेली आणि चिकट चमकदार माग दिसला, तर मोठी शंखी गोगलगाय आहे. रात्री बॅटरी घेऊन हातमोजे घालून वेचणं हाच खात्रीचा उपाय. दुपारी कुंडीखाली ओलं पोतं ठेवलं तर त्या तिथे जमतात. पेरांच्या बेचक्यातल्या कापसासारख्या पिठ्या ढेकणांना जोरदार पाण्याचा फवारा बहुतेक पुरतो.

किनाऱ्यावर जमिनीत लावताना

कोकणात समुद्राजवळच्या घरांभोवती वाळू धरून ठेवायला धापा लावतात. तिथे कुजण्याचा प्रश्न फारसा नसतो, प्रश्न जागेचा असतो. अगदी लाटेसमोरच्या सुट्या वाळूत तो गाडला जातो. ती जागा मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या वाळूतल्या गवताची आहे. धाप्याला त्यांच्या मागची, थोडी ओलसर, सपाट जागा द्या: खाडीचा बांध, खाजणाची कड, पाणी साठून ओसरतं असा सखल भाग. मर्यादवेल शेजारी असेल तर वर्षातून दोनदा तिचे वेल मागे ओढावे लागतात, कारण तिच्या पानांच्या सावलीत धापा विरळ होतो. पायवाटेवर तो टिकत नाही, रसाळ देठ तुडवले की चिरडतात.

फाटे कुठून आणायचे हा प्रश्नही इथेच येतो. धापा तिवराच्या झाडांच्या मागे, मारांडीच्या काटेरी झुडपांच्या आसपास सहज दिसतो, म्हणून लोक तिथून ओढून आणतात. कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा महाराष्ट्रात संरक्षित आहे. तिथून काहीही उपटू नका. शेजाऱ्याच्या किंवा रोपवाटिकेतल्या कुंडीतले हातभर लांबीचे दोन देठ पुरेत. त्यांतून आठ-दहा फाटे निघतात, आणि दोन महिन्यांत एक रुंद भांडं भरतं.

पानं खारट, कुरकुरीत असतात आणि अनेक किनाऱ्यांवर ती पाणी बदलत उकडून खाल्ली जातात. घरच्या कुंडीतली थोडी चाखायला हरकत नाही, पण रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असलेल्यांनी टाळावं. शहराच्या खाडीतला धापा मात्र खाऊ नये. कॅडमियम, शिसं यांसारखे जड धातू तो मातीतून ओढून आपल्या अंगात साठवतो. दूषित जमिनी साफ करायला त्याचा विचार होतो तो याच गुणामुळे, आणि उकडून पाणी फेकलं तरी त्या धातूंची खात्री देता येत नाही.